जांभ्याखालची गळती आवाजावरून शोधणे: कोरिलेटर वापरण्याची पद्धत

कोकणात गळती डोळ्यांनी शोधायला गेलं की हमखास फसगत होते. काळ्या मातीत पाईप फुटला तर पाणी वर येऊन चिखल करतं आणि जागा आपोआप कळते. जांभा तसा नाही. तो भेगाळ आणि सच्छिद्र असल्यामुळे पाणी तिथल्या तिथे खाली उतरतं. लाईन फुटते सड्यावर (वरच्या कातळपठारावर) आणि ओल दिसते थेट खालच्या वाडीतल्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, कधी दोनशे मीटर लांब. ओल दिसली तिथे खणलं तर कोरडा पाईप सापडतो, मजुरी फुकट जाते, पाखाडीचे चिरे उखडले जातात ते वेगळंच.

नुकसान किती होतं ते आधी पाहू. २ किलो (म्हणजे चौरस सेंटीमीटरला २ किलो) दाबाच्या लाईनला ६ मिलिमीटरचं एक भोक असेल, तर त्यातून मिनिटाला सुमारे २० लिटर पाणी जातं, म्हणजे तासाला १२०० लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशोबाने हे बावीस माणसांचं दिवसाचं पाणी झालं, तेही पुरवठा दिवसातून एकच तास असताना. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हे पाणी जमिनीत जिरू देणं परवडणारं नाही. शिवाय पुरवठा बंद झाला की त्याच भोकातून बाहेरचं घाण पाणी, खाडीकाठी खारं पाणी, आत ओढलं जातं.

पऱ्यातली ओल नळाचीच आहे का, याची खात्री ग्रामपंचायतीतल्या क्लोरोस्कोपने, म्हणजे क्लोरीन तपासायच्या संचाने, पाच मिनिटांत होते. त्यातले ओटीचे (ऑर्थोटोलिडीनचे) थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे ते आपल्याच लाईनचं. पिवळं झालं नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण मातीतून झिरपताना क्लोरीन संपून जातं.

मूळ कल्पना

दाबाखालचं पाणी भोकातून सुटताना आवाज करतं. तो आवाज पाईपातून आणि आतल्या पाण्यातून दोन्ही दिशांना धावतो. गळतीच्या दोन बाजूंना, दोन व्हॉल्व्हवर एकेक सेन्सर लावला की जवळच्या सेन्सरला आवाज आधी पोचतो आणि लांबच्याला नंतर. कोरिलेटर हे यंत्र दोन्ही नोंदी एकमेकींवर सरकवत नेतो आणि कुठे सरकवल्यावर त्या सर्वांत जास्त जुळतात ते पाहतो. जुळण्याची ती जागा आलेखावर उंच टोकासारखी दिसते. त्यावरून वेळेचा फरक मिळतो, आणि पुढचं गणित शाळेतलं आहे:

जवळच्या सेन्सरपासून गळतीचं अंतर = (दोन सेन्सरांमधली पाईपची लांबी − आवाजाचा वेग × वेळेचा फरक) ÷ २

उदाहरण घ्या. १५० मिलिमीटरची डीआय (डक्टाईल आयर्न, म्हणजे चिवट ओतीव लोखंडाची) लाईन, सेन्सरांमध्ये १२० मीटर पाईप, वेग सेकंदाला १२०० मीटर आणि फरक ३५ मिलिसेकंद. वेग गुणिले फरक म्हणजे ४२ मीटर. १२० मधून ४२ गेले, उरले ७८. त्याचे निम्मे ३९ मीटर. ज्या सेन्सरला आवाज आधी पोचला, त्याच्यापासून ३९ मीटरवर खणायचं.

हे गणित यंत्र स्वतः करतं. पण लांबी, पाईपचा प्रकार आणि लाईनमधला दाब या तीन गोष्टी माणसाने सांभाळायच्या असतात, आणि चुकीचे खड्डे जवळपास सगळे या तिघांपैकीच कशात तरी पडतात. म्हणून बटणांपेक्षा या तिघांविषयीच इथे जास्त लिहिलं आहे.

दाब

दाब नसेल तर आवाज नाही, आणि आवाज नसेल तर यंत्र कितीही महागाचं असलं तरी उपयोग शून्य. जवळच्या नळाला ० ते ७ किलोचा प्रेशर गेज लावून पाहा. १० मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण १ किलो. २ किलोच्या वर दाब असेल तर काम सुखाने होतं. १ किलोच्या खाली बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. सड्यावरच्या टाकीतून खालच्या वाडीला पाणी येत असेल तर ३० मीटर उतारावर ३ किलो आयते मिळतात. किनाऱ्यालगतच्या सपाट गावात बारा मीटरच्या उंच टाकीवर भागवावं लागतं, तिथे दाब मुद्दाम तयार करावा लागतो: टाकी काठोकाठ भरून घ्या, बाकीच्या शाखांचे व्हॉल्व्ह बंद करा आणि तपासायच्या भागाचा शेवटचा व्हॉल्व्हही बंद करा.

दुसरी अडचण पुरवठ्याच्या वेळेची. पाणी सुटलं की प्रत्येक घरात नळ, टाकी, हंडे सगळं एकदम भरायला लागतं, आणि त्या प्रत्येक नळाचा आवाज लाईनवर गळतीसारखाच उमटतो. पाणी सोडणाऱ्याशी आधी बोलून ठेवा: नेहमीचा पुरवठा संपून सगळ्यांची भांडी भरली की त्याच दिवशी आणखी एक तास लाईन भरलेली ठेवायची, आणि वाडीत सांगून ठेवायचं की या तासात नळ बंद हवेत. घरांच्या टाक्यांना फ्लोट व्हॉल्व्ह असतील तर त्या घरांचे स्टॉपकॉक बंद करून घ्या, कारण अर्धवट मिटलेला फ्लोट व्हॉल्व्ह सतत शिट्टी घालत राहतो. शक्य असेल तर हे काम पहाटे दोन ते चार या वेळेत करा. रस्त्यावर गाड्या नसतात आणि पंपही बंद ठेवता येतात.

तिसरी गोष्ट हवा. आपल्या लाईनी चढउतारांच्या, आणि पुरवठा खंडित. पाणी थांबलं की लाईन रिकामी होते, पुन्हा सुटलं की चढाच्या माथ्यावर हवा अडकते. हवेचा फुगा आवाज जवळजवळ गिळून टाकतो. पाणी सुटल्यावर निदान पंधरा-वीस मिनिटं थांबा, माथ्यावरचे एअर व्हॉल्व्ह चालू आहेत का पाहा, आणि शेवटचा नळ उघडून फसफसणं थांबेपर्यंत पाणी जाऊ द्या. घाईत घेतलेली पहिली नोंद बहुतेकदा टाकूनच द्यावी लागते.

लांबी आणि पाईपचा प्रकार

लांबी पाईपच्या मार्गाने मोजा. रस्त्याच्या मार्गाने मोजलेली उपयोगाची नाही, मोबाईलच्या नकाशावरून तर नकोच. नकाशा आडवं अंतर देतो. चारास एक उताराच्या घाटीत नकाशावरचे १०० मीटर जमिनीवर १०३ भरतात. चाकाची टेप उतारावरून फिरवली की उताराची लांबी बरोबर मिळते, फक्त लाईन कुठे वळते हे माहीत हवं. लोखंडी लाईन पाईप-लोकेटरने सापडते. एचडीपीई, म्हणजे काळा प्लास्टिक पाईप, सापडत नाही, तिथे ज्यांनी चर खणला त्या माणसांना सोबत घ्या. लांबीत २ मीटरची चूक झाली तर उत्तर १ मीटरने सरकतं.

आता वेग. पाईपची भिंत जितकी ताठ तितका आवाज वेगाने जातो. कामाला पुरतील असे आकडे हे, सगळे मीटर दर सेकंद:

जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी), लहान व्यासाचा: सुमारे १३५०
कास्ट आयर्न आणि डीआय: १२०० ते १२५०
जुनी एसी, म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंट: सुमारे १०००
पीव्हीसी: ४०० ते ५००, पातळ भिंतीचा असेल तर त्याहूनही कमी
एचडीपीई: ३०० ते ४००

एचडीपीईत एकाच व्यासाचा जाड भिंतीचा पाईप पातळ भिंतीच्या पाईपापेक्षा बराच वेगवान असतो. पाईपवर किती किलोचा छापा आहे तो वाचून लिहून ठेवा.

खरी फसवणूक होते ती मिश्र लाईनीत. डीआयची लाईन कधीतरी फुटली, दुकानात पीव्हीसी मिळाला आणि सहा मीटरचा तुकडा जोडून काम भागवलं, ही गोष्ट प्रत्येक गावात आहे. आवाज डीआयचे सहा मीटर ५ मिलिसेकंदांत ओलांडतो, पीव्हीसीचे सहा मीटर ओलांडायला त्याला १३ मिलिसेकंद लागतात. एवढ्या फरकाने उत्तर पाच मीटर हलतं, तेही त्या तुकड्यापासून लांब, दुसऱ्या सेन्सरकडे. बहुतेक कोरिलेटरमध्ये लाईन तुकड्यातुकड्याने भरायची सोय असते, ती वापराच. आणि कधी उत्तर उणे आलं किंवा सेन्सरच्या पलीकडचं आलं, तर यंत्र बिघडलं असं समजू नका. समजा ८० मीटर डीआय आणि पुढे ४० मीटर एचडीपीई आहे, पण यंत्राला सगळं डीआय म्हणून सांगितलं. गळती डीआयकडच्या सेन्सरपासून ३० मीटरवर असली तर उत्तर येईल उणे १८ मीटरच्या आसपास. असं उत्तर म्हणजे पाईपची माहिती चुकल्याची खूण.

माहिती देणारं कोणी उरलंच नसेल तर वेग तिथेच मोजता येतो. दोन्ही सेन्सर लावा आणि त्यांच्या बाहेरच्या बाजूला, त्याच लाईनवरचा एखादा नळ किंवा हायड्रंट थोडा उघडा. आता आवाज बाहेरून येतो, एक सेन्सर ओलांडतो आणि पूर्ण लांबी चालून दुसऱ्याकडे पोचतो. लांबी भागिले वेळेचा फरक म्हणजे वेग. ९० मीटरला ०.२ सेकंद लागले तर वेग ४५०, म्हणजे पीव्हीसी. डीआय समजत असलेल्या लाईनवर ९०० असा मधलाच आकडा आला तर कुठेतरी प्लास्टिकचा तुकडा आहे हे नक्की.

सेन्सर बसवणं

चेंबरचं झाकण काढल्यावर आधी टॉर्च मारा, मग हात घाला. जांभ्याच्या फटीत आणि गार चेंबरमध्ये फुरसं (विषारी साप) बसलेलं असणं रत्नागिरी-सिंधुदुर्गात नवलाचं नाही. लांब दांड्याने आतला पाला हलवून घ्या.

लोखंडी लाईनवर चुंबकाचा सेन्सर व्हॉल्व्हच्या अंगावर किंवा स्पिंडलच्या (व्हॉल्व्ह फिरवायच्या दांड्याच्या) माथ्यावर बसवतात. खाऱ्या हवेत गंजाचे पापुद्रे जाड असतात. तारेच्या ब्रशने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, चिखल पुसा आणि सेन्सर सरळ उभा बसवा. बोटाने ढकलून डुगडुगला तर जागा बदला. सैल झालेल्या ग्लँडवर (स्पिंडलभोवतीच्या पाणी अडवणाऱ्या कड्यावर) किंवा झाकणाच्या चौकटीवर सेन्सर ठेवू नका. चेंबरात पाणी साचलं असेल तर ते उपसून टाका.

एचडीपीई आणि पीव्हीसीवर चुंबक चिकटत नाही, आणि प्लास्टिकची भिंत आवाज शोषून घेते. तिथे दोन पर्याय आहेत: फेरूल (मुख्य लाईनवरून घरजोडणी जिथून निघते तो जोड) किंवा पितळी स्टॉपकॉकसारखा धातूचा भाग पकडायचा, नाहीतर हायड्रोफोन वापरायचा, जो नळाला किंवा एअर व्हॉल्व्हच्या जागी आटे लावून बसवला की थेट पाण्यातला आवाज ऐकतो. हायड्रोफोन बसवताना त्याच्या डोक्यातली हवा काढून टाकायला विसरू नका. प्लास्टिकसाठी आमचा सल्ला सरळ आहे: हायड्रोफोन मिळत असेल तर तोच लावा.

दोन सेन्सरांत किती अंतर ठेवावं? डीआय आणि जीआयवर १०० ते २०० मीटर आरामात चालतं. प्लास्टिकवर चुंबकी सेन्सरने ५० मीटरच्या वर जाऊ नका, हायड्रोफोनने १०० पर्यंत जा. तेवढ्या अंतरात पकडायला जागाच नसेल, तर मध्ये एक छोटा खड्डा घेऊन पाईप उघडा करणं हे चुकीच्या जागी तीन खड्डे घेण्यापेक्षा स्वस्त पडतं.

रेडिओने जोडलेल्या यंत्रात दोन्ही बाजूंचे अँटेना एकमेकांना दिसावेत. वळणावळणाच्या घाटीत आणि चिऱ्यांच्या गडग्यांआड सिग्नल तुटतो. अशा ठिकाणी आधी एकत्र घड्याळ जुळवून मग जागेवर ठेवायचे नोंदणी-सेन्सर बरे.

नोंद घेणं आणि वाचणं

हेडफोन लावून आधी दोन्ही सेन्सर ऐका. गळतीचा आवाज सलग आणि एकसारखा असतो, स्टोव्हच्या सुसकाऱ्यासारखा. थांबून थांबून येत असेल तर कोणाचा तरी नळ चालू आहे. मग दोन ते पाच मिनिटं नोंद घ्या. जसजसा वेळ जातो तसतसा गाडीचा, पाऊलांचा, पाखरांचा आवाज सरासरीत विरून जातो आणि गळतीचं टोक वर येत राहतं. टोक वाढत नसेल, दर मिनिटाला जागा बदलत असेल, तर ते टोक खरं नाही.

फिल्टर लावताना यंत्र कोहेरन्सचा आलेख दाखवत असेल तर त्यात दोन्ही सेन्सरांना सामाईक आवाज कोणत्या पट्ट्यात आहे ते पाहा आणि फिल्टर तिथेच ठेवा. सुरुवात म्हणून धातूच्या पाईपाला २०० ते १५०० हर्ट्झ, प्लास्टिकला २० ते २०० हर्ट्झ. प्लास्टिकमध्ये उंच सूर आधीच मरून जातात, म्हणून तिथे धातूचा फिल्टर तसाच राहिला तर आलेख सपाट येतो आणि लाईन चांगली आहे असा गैरसमज होतो. हीच चूक सगळ्यांत जास्त होते.

खोटी टोकं ओळखायला शिकावं लागतं. अगदी मधोमध, फरक शून्य असलेलं टोक आलं तर महावितरणच्या तारांची ५० हर्ट्झची गुणगुण दोन्ही सेन्सरांत शिरली असू शकते. ५० आणि १०० हर्ट्झ कापून पुन्हा पाहा. सेन्सरच्याच जागी टोक आलं तर आवाज त्या सेन्सरच्या बाहेरून येतो आहे, म्हणजे गळती पुढच्या तुकड्यात आहे किंवा पलीकडे पंप चालू आहे. टीच्या, म्हणजे जिथून शाखा फुटते त्या जोडाच्या, जागी टोक आलं तर आवाज त्या शाखेतून येत असू शकतो; एक सेन्सर शाखेवर नेऊन पुन्हा मोजा. अर्धवट उघडा व्हॉल्व्हही गळतीसारखाच ओरडतो. तो पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद करा.

आवाज मोठा म्हणजे गळती मोठी, असंही धरून चालू नका. बारीक भोकातून जोराने सुटणारं पाणी तीक्ष्ण ओरडतं, पण पाईप लांबीने चिरला तर दाबच पडतो आणि आवाज घोगरा, मंद होतो. खाजण (खाडीकाठच्या खाऱ्या, दलदलीच्या) जमिनीत पाईप भूजलाखाली असेल तर तो आणखी दबतो. म्हणून खाडीकाठच्या लाईनी मे महिन्यात, भूजल खाली असताना आणि ओहोटीच्या वेळी तपासाव्यात. पावसाळ्यात हे काम काढूच नये. ऑक्टोबर संपल्यावर सुरू करा.

एक युक्ती प्रत्येक वेळी वापरण्यासारखी आहे. गळती बरोबर मध्यावर असेल तर वेळेचा फरक शून्य, आणि मग वेगाचा आकडा चुकला तरी उत्तर चुकत नाही. वरच्या उदाहरणात वेगात दहा टक्के चूक असती तर उत्तर दोन मीटर सरकलं असतं. म्हणून पहिलं उत्तर मिळाल्यावर एक सेन्सर दुसऱ्या व्हॉल्व्हवर हलवा, असा की संशयाची जागा शक्य तितकी मधे येईल, आणि पुन्हा मोजा. दोन्ही मोजण्यांत जमिनीवरची तीच जागा आली तर खणायला हरकत नाही. दोन मीटरहून जास्त फरक पडला तर पाईपची माहिती पुन्हा विचारा.

स्वतः जुळवलेलं यंत्र

कोरिलेटर भाड्याने मिळत नसेल तर दोन पिएझो संपर्क-माईक, प्रत्येकाशेजारी एक छोटा प्री-ॲम्प्लिफायर, लांब केबल आणि दोन चॅनलचा एकच रेकॉर्डर एवढ्यावर ५०-६० मीटरची जीआय लाईन तपासता येते. नोंद संगणकावर घेऊन क्रॉस-कोरिलेशन, म्हणजे नोंदी सरकवून जुळवण्याचं तेच गणित, ऑक्टेव्ह किंवा पायथन या संगणक-भाषांमध्ये काढता येतं. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या साध्या नोंदीतही एका नमुन्याचा फरक डीआयवर दीड सेंटीमीटरहून कमी भरतो, म्हणजे तिथे काही अडत नाही. दोन टोकांना दोन मोबाईल ठेवून मात्र हे होत नाही. त्यांची घड्याळं १० मिलिसेकंदांनी जरी चुकली तरी उत्तर सहा मीटर चुकतं.

खणण्याआधी आणि नंतर

उत्तराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर, अर्ध्या अर्ध्या मीटरवर ग्राउंड मायक्रोफोन ठेवून ऐका. कातळावर आणि काँक्रीटवर आवाज चांगला येतो. पुळणीच्या वाळूत तो वर पोचतच नाही आणि समुद्राची गाज हेडफोनमध्ये भरून राहते. तिथे पाईपपर्यंत लोखंडी सळई टेकवून सळईला कान लावा. एचडीपीई असेल तर सळई ठोकू नका, हाताने दाबत न्या, नाहीतर दुसरं भोक आपणच पाडू. पहार मारण्याआधी विजेची भूमिगत केबल कुठून जाते तेही विचारून घ्या.

भोक सापडलं की पाईप कापण्याआधी दोन्ही व्हॉल्व्हपासून त्याचं खरं अंतर मोजा आणि यंत्राच्या उत्तराशेजारी वहीत लिहा. दोन्ही अंतरांची बेरीज सेन्सरांमधली लांबी द्यायला हवी. नाही आली तर आधी ती लांबी दुरुस्त करा. मग त्यावरून त्या लाईनचा खरा वेग उलटा काढता येतो, आणि पुढच्या वेळी तोच वापरायचा. दुरुस्तीत कोणता तुकडा, किती लांबीचा टाकला तेही त्याच पानावर लिहून ठेवा. सहा मीटरच्या पीव्हीसीचा तो घोळ इथेच थांबतो.

चर लगेच बुजवू नका. लाईन भरा, हवा जाऊ द्या, सेन्सर पुन्हा लावा आणि त्याच तुकड्यावर आणखी एकदा नोंद घ्या. मोठ्या गळतीच्या आवाजाखाली लहान गळती झाकलेली असते, आणि पहिली मिटवल्यावर दाब वाढून ती अधिक स्पष्ट ऐकू येते. आलेख सपाट आला, आणि फिल्टर त्या पाईपालाच जुळणारा होता याची खात्री केली, की माती लोटा.